कार्नेशनची चार फुलं

रविवारी संध्याकाळी आठ वाजले की अख्खं झेमुन गाव टीव्हीसमोर बसायचं. देसांकाही बसायची. बाकीचे बसायचे ते पुढे काय होतं ते पाहायला. देसांका बसायची ती आजही आपण सापडलो नाही ना, तेवढं पाहायला. भाग संपला की ती आधी घोटभर पाणी पिऊन बघायची, आणि ते घशाखाली नीट उतरलं तरच टीव्ही बंद करायची.

‘जुना घाट’ ही मूळ मालिका चाळीस वर्षांपूर्वीची. तिचा नायक वितोमिर हा सावा नदीवर नाव चालवायचा, म्हाताऱ्यांना फुकट पलीकडे सोडायचा आणि भांडणं सोडवायचा. सातव्या भागात तो अंका या आवडत्या मुलीच्या दाराशी फुलं घेऊन येतो आणि एक शब्द न बोलता नुसता पाहतो. डोळे भरलेले, ओठ किंचित थरथरणारे. त्या एका पाहण्यावर या देशातल्या निम्म्या बायकांनी आपापले नवरे जोखून पाहिले आणि नापास केले. दर नाताळात ती मालिका पुन्हा लागायची आणि तो प्रसंग आला की घराघरांत भांडी घासणारे हात थांबायचे.

यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की वितोमिरचं तरुणपण दाखवावं. नवी मालिका काढली, नवा देखणा नट घेतला. पहिले तीन भाग गोडीत गेले. चौथ्या भागात हा तरुण वितोमिर एका धान्यव्यापाऱ्याच्या उंबऱ्यावर कार्नेशनची चार लाल फुलं ठेवून निघून गेला आणि सकाळी तो व्यापारी नदीत सापडला. पाचव्या भागात पुन्हा चार फुलं, पुन्हा एक प्रेत. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती तीन, पाच, सात. दोन, चार अशी जोडीनं दिली तर ती मढ्याची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे वितोमिर काय करत होता ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी पाव आणायला गेलेल्या देसांकाला तिसऱ्या मजल्यावरच्या झागोरकानं बेकरीच्या दारातच गाठलं.

“देसा, तू होतीस ना गं त्या जुन्या मालिकेत? तुला ठाऊक होतं का हा मेला खुनी आहे ते?”

“मला काय ठाऊक. मी नुसती लिहीत बसायचे.”

“अगं, सगळं गाव मोजतंय. माझ्या सुनेनं फोनवर थांबवून थांबवून दाखवलं. जिना चढताना हातात पाच फुलं आणि तोंड जवळून दाखवलंय तेव्हा चार. चार गं. म्हणजे तो तिला मारायला आला होता. आणि मी चाळीस वर्षं त्या डोळ्यांपायी रुमाल भिजवतेय.”

“चुकून झालं असेल,” देसांका म्हणाली.

“चुकून?” झागोरकानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “फुलं मोजायला तुलाच ठेवलं होतं ना गं पगार देऊन?”

झागोरका हसत होती. देसांका तशीच घरी परतली. पाव ती बेकरीतच विसरून आली होती.

झागोरका म्हणाली ते खोटं नव्हतं. दिग्दर्शकाच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायचं आणि सगळं टिपून ठेवायचं, हेच देसांकाचं काम. पेला कोणत्या हातात, सिगारेट किती जळलेली, कोटाची किती बटणं लावलेली, कोणता तुकडा किती वाजता चित्रित झाला. म्हणजे एकच प्रसंग तासातासानं तुकड्यांत घेतला तरी पडद्यावर तो सलग दिसावा. तीस वर्षांच्या नोकरीत तिची एक चूक झाली, आणि ती आता सगळा देश मोजत होता.

त्या दिवशी काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. देसांकानं चाळीस वर्षांत त्यातला एकही वापरला नव्हता.

स्टुडिओत लाकडी जिना आणि अंकाचं दार उभं केलं होतं. वितोमिर जिना चढला, हातात पाच फुलं. तो तुकडा झाला. मग जवळून चेहरा घ्यायचा म्हणून वरचे दिवे हलवायचे होते. दिव्यांचं काम झिवानकडे होतं. झिवान सडपातळ, शीळ घालत काम करणारा माणूस, सणावारी सगळे घेतात तेवढे दोन पेले घेणारा. त्यानं खालून ओरडून सांगितलं की वरची फळी बांधलेली नाही. दिग्दर्शक म्हणाला, बांधायला वेळ नाही, नटाला विमान गाठायचंय. झिवान चढला आणि दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी फळीसकट खाली आला. मान मोडली होती. डॉक्टरला बोलावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लोक धावले, कुणी रडलं, कुणी कोपऱ्यात जाऊन ओकलं. मग निर्मिती बघणारा व्यवस्थापक आला. त्यानं झिवानवर ताडपत्री घालायला लावली आणि म्हणाला, एकच तुकडा राहिलाय, तो घ्या, मग गाडी बोलवू. वितोमिर झालेला नट नको नको म्हणत होता. शेवटी उभा राहिला. देसांकानं त्याच्या हातातल्या गुच्छातलं एक फूल ओढून काढलं आणि ताडपत्री वर करून झिवानच्या छातीवर ठेवलं. त्या घाईत तिची दोन्हीकडे चूक झाली. मेलेल्याला एकटं फूल वाहिलं आणि जिवंत माणसाच्या हातात चार ठेवली. जन्मभर बटणं मोजणाऱ्या बाईच्या ते लक्षातच आलं नाही. कॅमेरा सुरू झाला. नट अंकाकडे पाहायचं सोडून तिच्या पायाशी, ताडपत्रीकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी लोकांनी पुढे प्रेम म्हणून पाहिलं.

संध्याकाळी व्यवस्थापकानं देसांकासमोर कोरा कागद ठेवला. काम साडेतीनला संपलं, सगळे घरी गेले, झिवान सहा वाजता प्यालेल्या अवस्थेत आपली हत्यारं न्यायला परत आला आणि स्वतःच वर चढला, असं लिहायचं होतं. झिवानच्या शेजारी एक बाटली आधीच येऊन पडली होती. “पन्नास घरं चालतात या मालिकेवर,” तो म्हणाला, “आणि तुझंही.” देसांकाची पाचावर धारण बसली होती. तिनं लिहिलं आणि सही केली. त्याआधी पेन्सिलीनं लिहिलेला खरा कागद त्यानं तिच्या हातातून काढून घेतला. तिला वाटलं, फाडला असेल.

तो फाडला नव्हता. बुधवारी फोन आला तेव्हा ते कळलं.

“नमस्कार, मी तेओदोरा. टीव्हीवरून बोलतेय,” आवाज तरुण, लाघवी. “आम्ही ‘जुना घाट’वर खास कार्यक्रम करतोय. त्या वेळचं आता कुणीच उरलेलं नाही, तुम्ही सोडून. आम्हाला एवढंच विचारायचंय, की ती चार फुलं मुद्दाम होती ना? वितोमिर खुनी आहे हे दिग्दर्शकाला तेव्हापासून ठाऊक होतं ना?”

देसांकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुमच्या नोंदींचे कागद सापडलेत हो आमच्या तळघरात. किती सुंदर अक्षर. गंमत म्हणजे त्या दिवसाचे दोन आहेत. एक शाईचा, एक पेन्सिलीचा, आणि दोन्हींवर वेळा वेगळ्या. पेन्सिलीच्या कागदावर तीन चाळीसला ‘काम थांबलं’ असं आहे. ते आम्हाला काही कळलं नाही, पण ते राहू द्या. उद्या अकराला आलो तर चालेल? तुम्ही नुसतं ‘हो, मुद्दाम होती’ म्हणालात तरी केवढी मोठी गोष्ट होईल, काकू.”

फोन ठेवल्यावर देसांका बराच वेळ स्वयंपाकघरात उभीच राहिली. सुटकेची वाट या पोरीनं स्वतः दाराशी आणून ठेवली होती. हो म्हणायचं. दिग्दर्शक मोठा कलावंत होता, त्यानंच चार फुलं ठेवायला सांगितली. लोक टाळ्या वाजवतील, पेन्सिलीचा कागद पुन्हा तळघरात जाईल आणि कुणी कधी काही विचारणार नाही. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न येईल की मग पाचवं फूल गेलं कुठे. आणि तो प्रश्न विचारणारी पहिली बाई टीव्हीवाली नसेल, नेवेना असेल.

नेवेना झिवानची मुलगी. बाप गेला तेव्हा आठ वर्षांची. दहाव्या दिवशी देसांका कॉफीचं पुडकं आणि साखरेचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेली होती आणि तेव्हापासून जातच राहिली. नेवेनाच्या आईला ताप आला की सूप हिचं, नेवेनाच्या शाळेच्या सभेला ही, लग्नात आईच्या शेजारी ही. आई आठ वर्षांपूर्वी गेली. नेवेनाचं नवऱ्याशी पटलं नाही. आता नेवेना केस कापण्याचं छोटं दुकान चालवायची आणि रविवारी देसांकाकडे जेवायची. देसांकाचं या जगात दुसरं कुणी नव्हतं. दोघी सगळं बोलायच्या. फक्त बापाचं नाव नेवेना घ्यायची नाही. अगदीच वेळ आली तर “तो दारुडा” म्हणायची. देसांका तेव्हा मान खाली घालून ताटातलं चिवडत राहायची.

टीव्हीवाले येणार हे कळल्यामुळे गुरुवारी सकाळी साडेनऊला नेवेना केसांच्या रंगाच्या वाट्या आणि ब्रश घेऊन हजर.

“सगळ्या देशासमोर अशी मुळं पांढरी घेऊन बसणार होतीस? बस इथे. हलू नकोस.”

“नको गं. मी आजारी आहे असं सांगूया त्यांना.”

“तुझ्या तोंडचं पाणी पळालंय अगदी. कॅमेरा काय खातो का? आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे बसलीस, आता एकदा पुढे बस.”

तिनं देसांकाच्या गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि भराभर रंग लावला. मग प्लास्टिकची टोपी चढवली आणि घड्याळ बघितलं. “पस्तीस मिनिटं. वर एक मिनिट झालं तर केस हातात येतील.” कॉफीचा कप घेऊन ती समोर बसली आणि फोन काढला. देसांकाला वाटलं, आता उठावं, काहीतरी निमित्त काढावं. पण डोक्यावर ती टोपी घालून माणूस जाणार कुठे?

“दुकानात दोन दिवस हाच विषय,” नेवेना म्हणाली. “एक बाई म्हणते, खुनी. दुसरी म्हणते, नाही, त्याचा हात उचलत नाहीये म्हणून रडतोय. केस सोडून भांडल्या दोघी. बघू, आपण तरी नीट बघू.” तिनं तो प्रसंग लावला. वितोमिर जिना चढला. “एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर. आता तोंड. एक, दोन, तीन, चार.” तिनं चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं, फोन डोळ्यांजवळ नेला. “मावशी, हा तिच्याकडे बघतच नाहीये.”

देसांकानं गळ्याभोवतीचा टॉवेल घट्ट ओढून घेतला.

“खरंच. सगळे मेले फुलं मोजतायत. नजर बघ ना. खाली आहे. तिथे जमिनीवर काहीतरी आहे. काय होतं गं तिथे?”

“आठवत नाही.”

“तुला आठवत नाही? माझ्या लग्नात कुणी कोणते बूट घातले होते ते आठवतं तुला.”

नेवेना सहज बोलत होती, तिला कसलाही संशय नव्हता. दोन शब्द फेकले असते की विषय संपला असता. एखादं मांजर होतं म्हणायचं, दिव्याची वायर होती म्हणायचं. देसांकानं तोंड उघडलं आणि तिला कळलं की आपण आता सांगणार आहोत. अकरा वाजता अनोळखी पोरीला खोटं सांगणं तिला कदाचित जमलं असतं. या पोरीच्या तोंडावर आणखी एकदा सांगणं जमेना.

“तुझा बाप होता,” ती म्हणाली.

“कुठे?”

“जमिनीवर. ताडपत्रीखाली. तो आधीच मेला होता, नेवेना. सहा वाजता नाही. त्याआधी. फळी बांधलेली नव्हती, त्यानं सांगितलं होतं, तरी त्याला वर चढवलं. मग त्याला तिथेच ठेवून हा तुकडा घेतला. पाचवं फूल मी त्याच्यावर ठेवलं. बाकी सगळं खोटं मी लिहिलं. माझ्या हातानं.”

नेवेनानं फोन टेबलावर पालथा ठेवला. देसांका तिच्याकडे पाहू शकत नव्हती. ती मेणकापडावरच्या चौकोनांकडे पाहत राहिली.

“प्यालेला होता?”

“नाही. सकाळपासून माझ्यासमोर होता. दोन कप कॉफी आणि एक सफरचंद.”

“बाटली?”

“मागून ठेवली.”

“किती वाजता पडला?”

“तीन चाळीसला.”

“घड्याळ बघितलं होतंस?”

“तेच माझं काम होतं.”

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. तो धपधप आवाज थांबला तेव्हा नेवेना बोलली. आवाज अगदी नेहमीसारखा होता, त्यामुळे देसांकाला जास्तच भीती वाटली.

“पाच वाजता मला शाळेतून न्यायला येणार होता तो. फाटकाशी उभी राहा, हलू नकोस, म्हणाला होता. मी साडेसहापर्यंत उभी होते. मग झाडणाऱ्या बाईंनी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतले लोक येऊन सांगून गेले, सहाला पिऊन आला आणि पडला. म्हणजे पाचला तो जिवंत होता. मला विसरून पीत बसला होता. मी आईला म्हणाले, मेला ते बरं झालं. मोठ्यानं म्हणाले. आई मला ओरडली नाही. तिनं भिंतीवरचा फोटो काढला आणि कपाटात ठेवला.”

देसांका रडायला लागली.

“रडू नकोस,” नेवेना म्हणाली. “रंग डोळ्यांत जाईल.”

ती उठून खिडकीशी गेली. तिची पाठ देसांकाकडे होती. ती पाठ आता दाराकडे वळेल, कोट उचलेल आणि जाईल, असं देसांकाला वाटत होतं. चाळीस वर्षं ती ज्या क्षणाला घाबरत होती तो हाच होता, आणि तो तिच्या कल्पनेपेक्षा फार हळू चालला होता. नेवेना घड्याळाकडे वळली.

“झाली पस्तीस मिनिटं. चल, धुवायला हवं.”

देसांकानं मोरीच्या बेसिनवर मान वाकवली. मानेवर नेवेनाचा हात आला, घट्ट. नळ सुटला. पाणी गरम आहे का, असं नेवेना दर वेळी विचारायची. आज विचारलं नाही. पाणी चटका बसेल इतकं कढत होतं. देसांकानं डोळे गच्च मिटले आणि ब्रही काढला नाही. तिला वाटलं, आहे हे बरोबर आहे. थोड्या वेळानं नळ फिरवल्याचा आवाज झाला आणि पाणी कोमट झालं. नेवेनाची बोटं केसांतून फिरत राहिली, नेहमीसारखी, कानामागून, मानेपर्यंत, एकही जागा न सोडता.

“आमच्याकडे का यायचीस?” वरून प्रश्न आला.

“आधी भीतीनं. कुणाला काही कळलंय का ते बघायला.”

“आणि नंतर?”

“नंतर तुझ्यासाठी.”

“नंतर म्हणजे कधीपासून?”

देसांका विचारात पडली. तारखा सांगण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिला ही तारीख सांगता येईना. “ते मी लिहून ठेवलं नाही,” ती म्हणाली.

नेवेनानं नळ बंद केला, टॉवेल तिच्या डोक्याभोवती गुंडाळला, तिला सरळ केलं. केस वाळवले, विंचरले, कपाळावरची बट मागे घेतली. आरशात देसांकाला तिचे डोळे दिसले, आणि तिनं पुन्हा आरशात पाहिलं नाही. मग दारावरची घंटा वाजली.

तेओदोरा फोनवर वाटली होती त्याहूनही लहान होती, आणि तिच्यासोबत कॅमेरा घेतलेला एक धिप्पाड माणूस. पाहुण्यांसाठी चमचाभर मुरांबा आणि पाण्याचे पेले देसांकानं कालच काढून ठेवले होते; ते कुणी पुढे केले नाहीत. खुर्ची खिडकीशी सरकवली गेली, देसांकाच्या ब्लाउजला माईक टोचला गेला. तेओदोरा दोन्ही कागद मांडीवर घेऊन समोर बसली. पेन्सिलीचा वर होता.

“घाबरू नका हं काकू. फक्त फुलांचं सांगायचं. मुद्दाम होती ना, एवढंच.” मग ती भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नेवेनाकडे वळली. “तुम्हीही इथेच थांबणार? थोडं आत आलात तर चित्रात याल, मग नाव लागेल मला. तुम्ही यांच्या कोण?”

देसांकानं मान वर केली. या प्रश्नाला नेवेनानं आजवर प्रत्येक दुकानात, दवाखान्यात, कचेरीत एकच उत्तर दिलं होतं, ही माझी मावशी.

“यांची कुणी नाही,” नेवेना म्हणाली. “नाव नेवेना. झिवानची मुलगी, असं लिहा. दिव्यांचं काम करायचा तो.”

ती पुढे आली आणि कॅमेऱ्याच्या शेजारी, देसांकाच्या बरोबर समोर, हाताची घडी घालून उभी राहिली.

“करा सुरुवात, बाई,” ती म्हणाली. “वेळेसकट सांगा.”

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. तेओदोरानं पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण देसांका तिच्याकडे पाहत नव्हती. ती नेवेनाकडे पाहत होती.

“त्या दिवशी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी,” ती म्हणाली, “झिवान वरून पडला. तो प्यालेला नव्हता. पाच वाजता त्याला मुलीला शाळेतून आणायचं होतं.”